धोंडुबाईचं कापलेलं बोलणं

धोंडुबाई बोलायला लागली की चिंचमळ्यातल्या म्हशी कान टवकारतात, असं लोक म्हणायचे आणि तीही ते हसून कबूल करायची. चिंचमळा म्हणजे हातकणंगल्याच्या अलीकडं ओढ्याच्या काठानं पसरलेली वस्ती. तिथं ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिचा आवाज चारचौघींसारखाच होता. पण लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा ज्ञानू तापानं आजारी पडला आणि उठला तो कान गमावून. तेव्हापासून त्या घरातलं प्रत्येक बोलणं, मीठ संपलं, चुलता वारला, पोराला नोकरी लागली, सगळं शिवारात ऐकू जाईल अशाच आवाजात व्हायला लागलं. धोंडुबाई म्हणायची, "आमच्या घरात चोरून बोलायची सोयच न्हाय. मग खोटं बोलून करायचं काय?"

आणि खरंच, खोटं बोलायचं तिच्या अंगात नव्हतं. वडगावच्या बाजारात एकदा ती म्हैस विकायला घेऊन गेली होती. दलाल गिऱ्हाइकाला म्हशीचं कवतिक सांगत होता, शिंगं बघा, कास बघा, गरीब जनावर हाय. धोंडुबाईनं मधीच तोंड घातलं. "पावणं, गरीब बिरीब काय न्हाय. डाव्या अंगानं धार काढाय बसलासा तर लाथ घालती. उजव्या अंगानं बसा. घरी जाऊन मला शिव्या देण्यापरीस आत्ताच ऐका." दलालानं कपाळाला हात लावला. गिऱ्हाइकानं मात्र म्हैस घेतली, आणि पुढं त्याच्या गावचा कुणीही म्हैस बघायला निघाला की तो आधी चिंचमळ्याची वाट दाखवायचा. धोंडुबाईचा शब्द म्हणजे शब्द, एवढी तिची पुंजी होती. ती तिनं जन्मभर जपली होती. म्हणून पुढं जे झालं ते तिच्या एवढं जिव्हारी लागलं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला सूत रंगवायचा कारखाना आला तेव्हा वस्तीनं मालकाला हार घातला होता. वस्तीतली चार पोरं तिथं कामाला लागली. पण दुसऱ्या उन्हाळ्यापासून ओढा कधी निळा, कधी लाल वाहायला लागला. कारखान्यात त्या दिवशी कुठला रंग लागला हे चिंचमळ्यातल्या बायका ओढा बघून सांगायच्या. मग ते पाणी विहिरींना पाझरलं. म्हशी विहिरीच्या पाण्याला तोंड लावेनात. धुतलेली पांढरी कापडं दांडीवर वाळली की गुलाबी दिसायला लागली. वस्तीनं तहसीलदार कचेरीत अर्ज दिला, परत दिला. दोन हजार तीन साल उजाडलं तरी नुसती वाट बघणं चाललं होतं.

अर्जाची कुणकुण कारखान्याला लागली असणार. कारण त्या फेब्रुवारीत कारखान्यानं अचानक वस्तीत डोळे तपासणीचं मोफत शिबिर ठेवलं. मांडव घातला, खुर्च्या आणल्या, आणि हा सोहळा दाखवायला कोल्हापूरच्या एका केबलवाल्यांना बोलावलं. त्यांची संध्याकाळची बातमी तेव्हा आसपासच्या सगळ्या गावांत बघितली जायची. लोक जेवणं खोळंबून ठेवायचे, पण ती बातमी चुकवायचे नाहीत.

कॅमेरेवाल्याबरोबर माईक घेऊन एक पोरगी आली होती. धोंडुबाई आणि ज्ञानू मांडवाच्या कडेला उभे होते. पोरीनं माईक पुढं केला, तर ज्ञानूनं त्याच्याकडं निरखून बघत विचारलं, "कुल्फी हाय व्हय?" धोंडुबाईला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती पोटभर हसली. मग पोरीनं विचारलं, "मावशी, कारखान्याबद्दल काय वाटतं? पाणी कसं आहे?"

हे विचारायचा अवकाश, धोंडुबाईनं पदर खोचला.

"पाणी चांगलं हाय म्हणत्यात. कारखान्यानं वस्तीचं भलं केलं म्हणत्यात. आरं, एवढं चांगलं हाय तर मालकाच्या पांढऱ्या शर्टावर एक बादली वतून दावा की! आमची म्हस त्वांड लावत न्हाय त्या पाण्याला. आन् ह्ये आमचं डोळं तपासाय आल्यात. आमचं डोळं चांगलं हायत, म्हणून तर वड्याचा रंग दिसतुया!"

मांडवात टाळ्या पडल्या. कारखान्याचे मॅनेजर खुर्चीत चुळबुळले. पोरगी "थँक्यू मावशी" म्हणाली आणि गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धोंडुबाईनं अर्धी वस्ती बाळाबाईच्या घरी गोळा केली. बाळाबाई शेजारीण, आणि तिचा टीव्ही मोठा. सोप्यात माणसं दाटीवाटीनं बसली, दारात पोरं लोंबली. बातमी लागली. आधी शिबिर दिसलं, मग मॅनेजर दिसले, आणि मग पडदाभर धोंडुबाई.

"पाणी चांगलं हाय," पडद्यावरची धोंडुबाई म्हणाली. "कारखान्यानं वस्तीचं भलं केलं. ह्ये आमचं डोळं तपासाय आल्यात. आमचं डोळं चांगलं हायत." आणि तोंडाला पदर लावून हसली. पोटभर हसली.

मग दुसरी बातमी सुरू झाली.

सोप्यातली माणसं वळून धोंडुबाईकडं बघायला लागली. आपल्या बोलण्याची तऱ्हाच अशी की दुसऱ्याचं म्हणणं आधी येतं आणि 'म्हणत्यात' हा शब्द सगळ्यात मागं. त्या मागच्या शब्दावरच सारा जीव असतो. तेवढा उडवला की दुसऱ्याचं खोटं आपल्या तोंडात जाऊन बसतं.

बाळाबाई हळूच म्हणाली, "साडी तरी चांगली मिळाली का गं कारखान्याकडनं?"

"बाळे!" धोंडुबाई ओरडली. "तू मांडवात हुतीस! तुझ्या कानानं ऐकलंयस!"

"हुते की. पर टीव्हीत तर..." बाळाबाई थांबली. आपल्या कानांवर विश्वास ठेवावा की टीव्हीवर, हे तिला ठरवता येईना.

धोंडुबाई उठली आणि माणसांच्या पायांवरून वाट काढत घरी गेली. ज्ञानूला नुसतं चित्र दिसलं होतं. तो मागोमाग आला आणि खुशीत म्हणाला, "झ्याक दिसलीस गं. हसताना तर लईच." तेव्हा मात्र काय झालंय हे त्याला सांगायला तिच्या तोंडून आवाज फुटेना. त्याचे कान गेल्यापासून पहिल्यांदा त्या घरात ज्ञानूशी हळू आवाजात बोललं गेलं, "काय न्हाय. झोपा."

सकाळी दूध घालायला ती डेअरीत गेली तर रांगेतला कुणीतरी म्हणाला, "या, पाणी चांगलं, या!" रांग हसली. तिनं किटली तिथंच ठेवली, मापाची वाट न बघता थेट रस्त्यावर आली आणि कोल्हापूरची एसटी धरली.

केबलचं ऑफिस लक्ष्मीपुरीत एका बॅटरीच्या दुकानावरच्या माडीवर होतं. मालक आले नव्हते. आतल्या खोलीत कंप्युटरसमोर रुद्रेश नावाचा एक तरणा माणूस बसला होता. कुरुंदवाडचा, सरळ चेहऱ्याचा, नवीनच लग्न झालेला. बातम्या जोडायचं काम त्याचं. धोंडुबाईला दारात बघितल्याबरोबर त्यानं ओळखलं. काल दिवसभर तोच चेहरा त्यानं मागंपुढं करून बघितला होता.

"माझी जीभ कापली ती तूच व्हय?" धोंडुबाईनं विचारलं.

"मावशी, बसा. पाणी..."

"पाण्याचं नाव काढू नगंस!"

रुद्रेश गडबडला. "मावशी, ते... घाईत झालं बघा. बातमी वेळेत लावायची असती. जरा हात चुकला."

"हात चुकला?"

"हां. कापताना एखादा शब्द जातोय इकडंतिकडं."

धोंडुबाई खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "मग चुकला असंल तर नीट कर. माझ्या म्होरं कर."

त्याला नाही म्हणता येईना. दुपारी तीच बातमी परत लागायची होती, म्हणून कालचं सगळं काम कंप्युटरवर तसंच उघडं होतं. पडद्यावर वर धोंडुबाईचं चित्र थिजलेलं होतं, तोंड अर्धं उघडं. खाली दोन लांब पट्ट्या, एक चित्राची, एक आवाजाची, आणि दोन्ही जागोजागी तुटून परत चिकटवलेल्या.

"ह्यात कापलेलं परत येतं?" तिनं विचारलं.

"येतंय की. आपण काय काय केलं ते ह्याच्या ध्यानात असतंय. हे बटण दाबलं की शेवटी जे केलं ते आधी मोडतंय, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं. असं मागं मागं जाता येतंय."

"जा मागं."

रुद्रेशनं बटणं दाबली. पट्टीच्या शेवटचा तुकडा नाहीसा झाला. तिचं हसणं होतं ते. मांडवात कुल्फीवर हसली होती ते उचलून त्यानं शेवटी आणून चिकटवलं होतं. परत बटण दाबलं. 'म्हणून तर वड्याचा रंग दिसतुया' आपल्या जागी येऊन बसलं. परत दाबलं. म्हैस आली. परत. मालकाचा पांढरा शर्ट आला. परत. एक 'म्हणत्यात' आला. परत. दुसरा 'म्हणत्यात' आला. तुटकी पट्टी सलग झाली.

"लाव," धोंडुबाई म्हणाली. त्यानं लावलं. तिनं आपलं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. रुद्रेशला वाटलं म्हातारी आता खूश होईल. पण ती त्याच्याकडं वळली तेव्हा तिचे डोळे पेटले होते.

"हात चुकला म्हणालास. किती येळा बटण दाबलंस आत्ता?"

त्यानं बटणावरचा हात काढून घेतला.

"एवढ्या येळा हात चुकतोय व्हय रं? पयला म्हणत्यात काढताना चुकला, दुसरा काढताना चुकला, म्हस हाकलताना चुकला, आन् माझं हसू हिकडनं उचलून तिकडं चिकटवताना बी चुकला? चुकलेला हात एकदा चुकतो. तू बसून, बघून, ऐकून एकेक काढलंयस. तुला ठावं हुतं बाई काय म्हणती. तुझ्याइतकं नीट माझं बोलणं कुणी ऐकलं नसंल जगात, आन् तूच त्येची खांडोळी केलीस!"

रुद्रेशची मान खाली गेली. "मालकांनी, बाळासोंनी सांगितलं हुतं मावशी. कारखान्याची जाहिरात असती आपल्याकडं."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि मालक आले. बाळासो. कपाळाला गंध, हातात गाडीची किल्ली. खोलीतला नजारा बघून त्यांनी ओळखलं की काय चाललंय.

"काय रुद्रेश? कुणाला विचारून उलगडलंस?"

"मावशी आल्या हुत्या, म्हणून..."

"आधी हुतं तसं कर."

आणि धोंडुबाईच्या डोळ्यांदेखत रुद्रेशनं दुसरी बटणं दाबली. एक 'म्हणत्यात' गेला. दुसरा गेला. शर्ट गेला, म्हैस गेली, ओढ्याचा रंग गेला आणि हसू परत येऊन चिकटलं. काल जे तिच्या पाठीमागं झालं होतं ते आज तिच्या तोंडासमोर झालं. चाकू न लागता कुणी अंगावरचं मांस काढून न्यावं तसं तिला झालं.

"हे बघा मावशी," बाळासो समजुतीच्या सुरात म्हणाले, "बातमीला टाइम असतो. सगळं बोलणं लावत बसलो तर बाकीच्या बातम्या कुठं लावायच्या? थोडं कमी करावं लागतं."

"मग पयलं कमी करायचं हुतं. शेवटचं ठेवायचं. म्हस ठेवायची!"

"आणि आम्ही तुमच्या बोलण्यात एक अक्षर घातलेलं नाही. जे दाखवलं ते तुमच्याच तोंडचं. पाणी चांगलं हाय, हे शब्द तुमचेच की नाही?"

धोंडुबाई उठली आणि गॅलरीत गेली. खाली लक्ष्मीपुरीचा रस्ता गजबजलेला. हातगाड्या, रिक्षा, बॅटरीच्या दुकानातलं गिऱ्हाईक. ज्ञानूला शेताच्या पलीकडून हाक मारायचा तो आवाज तिनं लावला.

"बाळासो चोर हाय!"

रस्ता वर बघायला लागला.

"बाळासो माणसाची जीभ इकून खातो!"

रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली. बॅटरीवाला बाहेर आला. बाळासो धावत गॅलरीत आले, लालेलाल झालेले. "ओ बाई! काय लावलंय? अब्रूचा दावा लावीन तुमच्यावर!"

"कशाबद्दल? पुढचं ऐक की. 'बाळासो चोर हाय, असं मी कवा म्हणणार न्हाय.' असं बोलणार हुते मी. पुढचं तू ऐकलंस कुठं? मधीच पळत आलास. तुझ्याबद्दलचं शेवटचं कापलं की तुला मिरची लागती, आन् माझं कापलं की त्येला टाइम म्हणतोस?"

खाली कुणीतरी शिट्टी मारली. बाळासोंनी तिला दंडाला धरून आत आणायचा प्रयत्न केला, तेव्हा तिनं असा काही हात झटकला की ते दोन पावलं मागं सरले. शेवटी ते म्हणाले, "बरं. दुपारी बातमी परत लागंल तेव्हा तुमचं सगळं बोलणं लावतो. झालं समाधान?"

"शबुद दे."

"दिला शब्द."

शब्द म्हटल्यावर धोंडुबाईनं पुढं काही विचारलं नाही. ती एसटीनं परत आली, बाळाबाईला सांगितलं, डेअरीवाल्यांना सांगितलं, शेतातून माणसं बोलावली. दुपारी परत तीच दाटी झाली. शिबिर दिसलं. मॅनेजर दिसले. मग एकदम दुसऱ्याच गावच्या शाळेचं स्नेहसंमेलन सुरू झालं. धोंडुबाई कुठंच नव्हती. खोटी धोंडुबाईही नव्हती आणि खरीही नव्हती.

वस्तीतला एक म्हातारा म्हणाला, "ह्ये बरं झालं. मिटलं."

"मिटलं?" धोंडुबाई म्हणाली. "काल खोटं दावलं ते सगळ्यांनी बघितलं. आज नुसतं पुसून टाकलं. मग कालचं खरं ठरलं की रं बाबा!"

डेअरीत नाणं टाकून बोलायचा डबा फोन होता. तिथनं तिनं ऑफिसला फोन लावला. रुद्रेशनंच उचलला.

"शबुद दिला हुता तुझ्या मालकानं!"

"मावशी, तुम्ही गेल्यावर त्यांनी सगळंच काढाय लावलं."

"मग परत आण. सकाळी आणलंस तसं बटण दाबून आण."

"आता येणार न्हाई मावशी. मालकांनी कंप्युटर बंद करून चालू कराय लावला. एकदा बंद केला की मागचं काय त्याच्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

"आन् ती कॅसेट? ज्येच्यात माझं बोलणं घेतलं ती?"

"त्याच्यावर दुपारी दुसरं शूटिंग झालं."

"म्हंजे माझं खरं बोलणं कुठंच न्हाय?"

"कुठंच न्हाई," रुद्रेश म्हणाला.

तिनं फोन ठेवला. डेअरीतली माणसं तिच्याकडं बघत होती. ती म्हणाली, "यंत्राच्या ध्यानात न्हाय तर न्हाय. माझ्या ध्यानात हाय. मी काय मेले न्हाय अजून."

पण बोलणं एवढं सोपं राहिलं नव्हतं. रात्रंदिवस तिच्या डोक्यात त्या तुटक्या पट्ट्या फिरायला लागल्या. तोंडातून वाक्य निघालं की तिला वाटायचं, ह्यातलं शेवटचं उडवलं तर मागं काय उरेल? मग तिनं आपलं बोलणंच फिरवलं. 'न्हाय' आधी आणि बाकीचं मागनं. "न्हाय खाल्ली भाकरी त्येंनी." "न्हाय आली म्हस माजावर." वाक्य आखूड, प्रत्येक आपल्या पायावर उभं. बाळाबाई म्हणाली, धोंडुबाईला टीव्हीचं भूत लागलंय. लागू दे, धोंडुबाई म्हणाली. न्हाय उतरवायचं मला ते.

मार्चमध्ये अर्जाची सुनावणी लागली. हातकणंगल्याला तहसीलदार कचेरीच्या हॉलमध्ये. वस्तीतली बरीच माणसं गेली. कारखान्याचे मॅनेजर एक टीव्ही आणि व्हिडिओ प्लेअर घेऊन आले होते. "साहेब," ते म्हणाले, "आम्ही आमचं काही सांगत नाही. वस्तीतल्याच एक ज्येष्ठ बाई काय म्हणतात ते बघा." आणि त्यांनी कॅसेट घातली.

धोंडुबाईनं आपल्याच तोंडून परत ऐकलं. पाणी चांगलं हाय. कारखान्यानं वस्तीचं भलं केलं. आणि ते हसू. खरं बोलणं जगात कुठंच उरलं नव्हतं, आणि कापलेलं मात्र कारखान्यानं कॅसेटवर उतरवून, कपाटात नीट जपून ठेवलं होतं.

साहेबांनी हॉलमध्ये नजर फिरवली. "या बाई आल्यात का?"

ती उभी राहिली.

"हे तुम्हीच बोललात ना?"

कोपऱ्यात कारकून लिहून घेत होता. त्याची लेखणी थांबली होती, उत्तराची वाट बघत. 'बोलले, पण' असं म्हणायला धोंडुबाईचं तोंड उघडलं आणि मिटलं. 'बोलले' तेवढं लिहून तो थांबला तर?

"न्हाय," ती म्हणाली. "न्हाय चांगलं पाणी. न्हाय झालं भलं. न्हाय पीत म्हस. ल्हिवलंस? म्होरं ल्ही. ह्ये बोलणं कापलेलं हाय."

"बाई, चित्रात तर तुम्हीच..."

"न्हाय पटत? मग बोलणं ऱ्हाऊ द्या. डोळ्यांनी बघा." ती मागच्या रांगेकडं वळली. "आवं! उठा! उभं ऱ्हावा!"

ज्ञानूला वाटलं बैठक संपली. तो उठून दाराकडं निघाला. "तिकडं न्हवं! हिकडं! साहेबांच्या म्होरं!" सगळा हॉल हसला, पण तो पुढं येऊन उभा राहिला तेव्हा हसणं ओसरलं. त्याच्या अंगावर धोतर होतं. सकाळी त्यानं ते दांडीवरून काढून नेसलेलं, नेहमीचं, सुनावणीसाठी मुद्दाम आणलेलं काही नव्हे. पांढरं धोतर होतं म्हणे ते कधीकाळी. आता त्याचा रंग लग्नात उधळायच्या गुलाबाच्या पाकळ्यांसारखा होता.

"ह्येनी गुलाबी धोतर इकत घेतलं असंल तर मला फाशी द्या," धोंडुबाई म्हणाली. "ह्ये आमच्या हिरीच्या पाण्यानं धुतलंय. आता ह्येचं कुठलं टोक कापून दावतासा दावा."

मॅनेजर काहीतरी साबणाबद्दल बोलायला लागले. वस्तीतल्या माणसांनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. बाळाबाई उठली आणि म्हणाली की मांडवात मी होते, मी सगळं ऐकलंय, टीव्हीत दावलं ते खोटं हाय. धोंडुबाईनं तिच्याकडं बघितलं. एवढे दिवस कुठं होतीस, असं ती नजर विचारत होती.

त्याच आठवड्यात कचेरीची माणसं पाण्याचे नमुने घेऊन गेली. नमुन्यांत रंग सापडला आणि कारखान्याला ओढ्यात पाणी सोडायचं बंद करावं लागलं. कारखान्याच्या आत पाणी साफ करायची टाकी बांधावी लागली, आणि टाकी होईपर्यंत वस्तीला टँकर पुरवावा लागला. विहिरी नितळायला मात्र पुढचं अख्खं साल गेलं. केबलवर धोंडुबाईचं बोलणं कधीच परत लागलं नाही. दिलगिरीचा एक शब्दही नाही. आठवड्याच्या बाजारात कोथिंबीर विकणारी एक बाई तिला अजून हाक मारायची, "ये गं पाणी चांगलं, ये!" आणि दर वेळी धोंडुबाई टोपली खाली ठेवून पहिल्यापासून सगळं सांगायची.

पुढच्या दिवाळीनंतर एकदा रुद्रेश वस्तीत आला. स्कूटर चिंचेखाली लावून दाराशी उभा राहिला. म्हणाला, केबलची नोकरी सोडली, आता लग्नाची शूटिंगं करतो.

"माझ्यापायी सोडलीस?" धोंडुबाईनं विचारलं.

"न्हाई मावशी. पगार थकवत हुते."

"खरं बोललास ते बरं. बस. चा ठेवते."

चहा पिताना तो म्हणाला, "मावशी, तवापासनं मनात हाय. माफ करा मला."

"चा पी. माफी मागू नगंस. मला देता येत न्हाय ती."

"मग मी काय करू?"

धोंडुबाईनं कपबशी उचलली, विसळून पालथी घातली आणि पदर खोचला. "तू घरात बसून कापलंस आन् घराघरात जाऊन पोचलं. आता घराघरात जाऊन सांग. तुझ्या तोंडानं. चल."

रुद्रेशला वाटलं चेष्टा करतीय. पण ती पायरी उतरून चालायलाही लागली होती. पहिलं घर बाळाबाईचं. दारात उभं राहून तो म्हणाला, "मी केबलमध्ये हुतो. मावशींचं बोलणं मी कापलं. मावशी तसं बोलल्या न्हवत्या." बाळाबाईनं नुसती मान हलवली. दुसऱ्या घरी म्हातारी म्हणाली, आम्हाला ठावं हाय बाबा. तिसऱ्या घरी दोन पोरं फिदीफिदी हसली. चौथ्या घरी कुत्रं अंगावर आलं. रुद्रेशचे कान लाल झाले होते, पण तो चालत राहिला, आणि धोंडुबाई त्याच्या मागं हात बांधून.

ओढ्याकडच्या टोकाच्या घरात केरबा नावाचा म्हातारा अंगणात दोर वळत बसला होता. त्यानं रुद्रेशचं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक करून विचारलं, "कुठलं बोलणं? कसली बातमी? आमचा टीव्ही तवा बंद पडलाता. मला कायबी ठावं न्हाय."

रुद्रेशनं सुटकेचा श्वास सोडला आणि स्कूटरकडं वळला.

"थांब," धोंडुबाई म्हणाली. "ह्येला ठावं न्हाय तर बस खाली, आन् पयल्यापासनं सांग. मधलं एकबी गाळू नगंस."

केरबानं दोर बाजूला ठेवला आणि बसायला पोतं सरकवलं.